डाव्या पंखाची फासळी

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये माझे विद्यार्थी लाकडाचं एक छोटं विमान बांधताहेत. परवा दोघांनी ते नाकाशी आणि शेपटीशी एकेका बोटावर तोलून धरलं, तर डावा पंख हळूच खाली झुकला.

मी म्हटलं, “टोकाची फासळी जाड राहिलीय. काचपेपर मारा.”

कुणी जागचं हललं नाही. मग रोहन म्हणाला, “सर, ती नेहानं केलीय.”

नेहा गेल्या महिन्यात तापानं गेली. फासळी उद्या घासते म्हणाली होती. कुठपर्यंत घासायचं ते दाखवणारी तिची पेन्सिलची रेघ लाकडावर अजून तशीच होती.

वर्षभर मी या पोरांच्या मागे लागलोय, वजन कमी करा, गोंद बेतानं लावा. पण गेलेल्या माणसाचं मागे राहिलेलं काहीच कमी करवत नाही. घरात चपलासुद्धा दाराशी कितीतरी दिवस तशाच राहतात.

शेवटी मीच उजव्या पंखाच्या टोकाला शिशाचा तुकडा चिकटवला. विमान सरळ झालं.

“जड झालं, सर,” रोहन हळूच म्हणाला.

“होऊ दे,” मी म्हटलं. “तेवढं घेऊनच उडेल.”