मिरीएवढा काळा ठिपका

काल एक आजोबा बायकोच्या सीटी स्कॅनची फिल्म खिडकीशी उलटी धरून मन लावून बघत होते. मला हसू आलं आणि लगेच गिळावंही लागलं. मी तर एकदा फिल्म सरळ धरून चुकलोय.

तेव्हा मी नवाकोरा रेडिऑलॉजिस्ट होतो. एका शाळेतल्या बाईंच्या मूत्रपिंडात गाठ होती. शिरेतून औषध सोडल्यावर स्कॅनमध्ये ती अशी काही उजळली, की मी ऐटीत ‘कॅन्सर’ लिहून मोकळा झालो. म्हणजे मूत्रपिंड काढणं आलंच. सही करणार, इतक्यात आमचे तंत्रज्ञ सावंतकाका मागून म्हणाले, “डॉक्टर, औषधाच्या आधीचे फोटो बघितलेत ना? की ते मी आपले हौसेनं काढतो?”

बघितले नव्हते. त्या फिक्या, कंटाळवाण्या फोटोंत गाठीच्या मधोमध मिरीएवढा काळा ठिपका होता. चरबी! गाठीत चरबी, म्हणजे बहुधा कॅन्सर नव्हेच; क्वचित सापडणारी, पण निरुपद्रवी गाठ. झगमगाटात तेवढंच दिसेनासं झालं होतं. बाई दोन्ही मूत्रपिंडं घेऊन घरी गेल्या आणि मी काकांना चहा पाजला.

उजळलेलं काय, कुणालाही दिसतं. माणसांच्या बाबतीतही मी फिके फोटो बघायचे विसरतोच, असं बायको म्हणते.

आजोबांच्या हातातली फिल्म मी सरळ केली. “डॉक्टर, हिला कॅन्सर आहे का हो?” त्यांनी विचारलं.

“बसा आजोबा,” मी म्हटलं. “आधी फिके फोटो बघतो, मग छातीठोक सांगतो.”