ज्वारीत ठेवलेली बिबट्याची पिल्लं

सातपुड्याच्या पायथ्याशी जायचं मनात असेल तर जरूर जा. आता रस्ते बरे आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी चिखलीच्या शाळेत शिकत होते. आम्ही काही फिरायला निघालो नव्हतो. ताईला पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायचं होतं.

आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. ताईनं निरोप धाडला होता, "आईच नाही तं येऊ कोणापाशी? मी अठीच राहीन."  एका सकाळी बाबा कोट चढवत म्हणाले, "चाल पोरी, आपणच जाऊन आणू तिले."

एसटीनं घाट उतरून खामगाव, तिथून शेगाव आणि मग पूर्णा ओलांडून वरवट बकाल. तिथला चहा खारट लागला. हा खारपाणपट्टा, विहिरींचं पाणीच खारं. आजही सांगते, प्यायचं पाणी बरोबर ठेवा. पुढं ताईच्या सासऱ्यांनी बैलगाडी पाठवली होती. वाटभर दोन्हीकडे ज्वारी पिकून उभी होती आणि समोर निळा डोंगर जवळ येत होता.

रात्री ताईनं गरम भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढली. बाबांनी विषय काढला तशी ती तव्याकडे बघतच म्हणाली, "बाबा, तुमाले भाकर तरी टाकता येते का? माह्यं कोण करन तठी?"



दुसऱ्या दिवशी शेतात ज्वारीची कापणी होती. भाऊजी कापूस घेऊन सरकी काढायच्या जिनात गेले होते, म्हणून आम्ही सगळेच गेलो. दुपारच्या आधी एकदम आरडाओरडा झाला. उभ्या ज्वारीत बिबट्याची दोन पिल्लं निघाली होती. मांजराएवढी, मळकट राखाडी. ठिपके अजून नीट उमटले नव्हते, डोळे निळसर. एक फिस्कारलं. कुणी काही म्हणायच्या आत ताईनं दुसऱ्याला उचलून पोटाशी धरलं.

"मारून टाका बे," एक मजूर विळा सरसावत म्हणाला. "मोठे झाले का बकऱ्याच खातीन."

सगळ्यांनी ताईच्या सासऱ्यांकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात त्यांची दुभती बकरी बिबट्यानं नेली होती. ते पिल्लांपाशी येऊन वाकले.

"बकरी माही गेली. राग मले बी हाय," ते म्हणाले. "पण हे दूधपितं लेकरू हाय. ठेव सूनबाई, होतं तठीच ठेव. आन तेवढा तुकडा कापू नका आज."

मजूर शेताच्या दुसऱ्या टोकाला गेले. ताईनं मात्र दुपारी भाकरीचं फडकंही सोडलं नाही. "मी हात लावला ना त्याले. माणसाचा वास आला म्हणून मायनं टाकून देल्लं तं?"

दिवस कलायला लागल्यावर आम्ही लांबच्या माळ्यावर चढून बसलो. पाखरं राखायला बांधलेला मचाण तो, बराच उंच. ऊन लाल झालं तेव्हा नाल्यातून बिबट्याची मादी वर आली. ज्वारीच्या सुकलेल्या धांड्यांत तिचं अंग दिसतच नव्हतं. वर वळलेल्या शेपटीचं पांढरं टोक तेवढं हलत होतं. ती घशातल्या घशात हळूच हुंकारली, आत शिरली आणि एक पिल्लू मानेच्या कातडीला धरून बाहेर आली. पिल्लानं पाय पोटाशी घेतले होते. अगदी निपचित लटकत होतं. नाला ओलांडून ती दिसेनाशी झाली.

मागं राहिलेलं पिल्लू ओरडायला लागलं. बारीक, चिरका आवाज. उजेड कमी होत चालला, तरी ती येईना.

"माह्याच हातचं राह्यलं असंन हे," ताई म्हणाली. "त्यालेच सोडलं तिनं."

बाबांनी तिचा हात हातात घेतला. "येईन ते. तिच्या तोंडात एका टायमाले एकच मावते."

आणि ती आली. पिल्लाला हुंगलं, मग जिभेनं चाटत राहिली, डोक्यापासून शेपटीपर्यंत. कितीतरी वेळ. मग अलगद उचलून घेऊन गेली. ताई पदर तोंडाशी धरून रडत होती.

खाली उतरताना बाबा म्हणाले, "मले भाकर टाकता येत नाही, पोरी. पण शिकता येईन."

ताई नुसतं "हाव" म्हणाली. सकाळी तिचं गाठोडं बांधून तयार होतं.

पुढं मी बिबट्यांबद्दल बरंच वाचलं. मादी शिकारीला जाताना पिल्लं अशीच दडवून ठेवते, जागाही वारंवार बदलते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लू टाकत नाही. तरीही तुम्हाला शेतात कधी पिल्लं दिसली तर हात लावू नका. मागं सरा, वनखात्याला कळवा आणि मादीला वाट मोकळी ठेवा. ती आसपासच असते.

ताईला मुलगी झाली, चिखलीच्या घरात. बाबांच्या भाकरी शेवटपर्यंत वाकड्याच राहिल्या. शेजारच्या काकूंना विचारून त्यांनी डिंकाचे लाडूही केले. ते इतके कडक झाले की बत्त्यानं फोडावे लागायचे. मी एक मागितला तर ताईनं डबा मागं सरकवला. "हे माह्ये हायत," म्हणाली आणि शेवटचा लाडू संपेपर्यंत कुणाला एक कण दिला नाही.