पट्टीखालची मुंगी

आमच्या ट्रकला टिकटिक लागली तेव्हा मी पडवीत बसले होते. बसले होते म्हणजे बसवली होती. वटारच्या आमच्या घरात महिन्याचे चार दिवस मला घोंगडीचा एक तुकडा, एक तांब्या आणि पडवीचा तो कोपरा मिळायचा. स्वयंपाकघरात जायचं नाही, वाडीत पानवेलीकडे तर नाहीच. सावली पडली तर वेल जळते, असं आई सांगायची. आणि ट्रकला हात लावायचा नाही. बाबा रोज सकाळी बॉनेटसमोर उदबत्ती ओवाळत, म्हणजे ट्रक देवघरातच जमा होता.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. दहा वर्षं इंग्रजी शाळेत काढल्यामुळे घरात माझी गणना पाहुण्यांत व्हायची. चार माणसांसमोर मराठी बोलताना माझी वाक्यं अर्ध्यावर तुटत, म्हणून मी बोलणंच टाळायचे. ऐकायचे मात्र सगळं.

पडवीसमोर अंगण आणि अंगणात ट्रक. बाबा त्यातून आमची आणि शेजारच्या वाड्यांची केळी, पानांच्या टोपल्या दादरला नेत. ट्रक माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. त्या आठवड्यात इंजिन सुरू केलं की वरच्या बाजूने एक बारीक, कोरडा आवाज यायचा. टिक, टिक, टिक. शिवणयंत्राची सुई कापडाऐवजी पत्र्यावर पडावी तसा. बाबांनी रेस वाढवली की टिकटिकही धावायची.

पहिल्या दिवशी तुळिंजहून मिस्त्री आले. वयस्कर, पांढरी दाढी, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टरसारखे डोळे मिटले.

"टॅपेट ढिले झालेत," ते म्हणाले. त्यांनी वरचं झाकण काढलं. आत लहान लोखंडी हातांची ओळ होती. इंजिन फिरलं की एकेक हात खाली वाकून आपापल्या व्हॉल्व्हला दाबायचा. हात आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट लागते. ती जास्त झाली की हात आपटतो आणि टिकटिक होते. मिस्त्रींनी पोलादाची पातळ पट्टी फटीत सरकवून प्रत्येक माप जुळवलं. इंजिन सुरू केलं. टिक, टिक, टिक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा झाकण काढून सगळी मापं घेतली. "माप एकदम बरोबर. मग आवाज खालून असणार. बेअरिंग गेलंय, शेठ. इंजिन उतरवावं लागेल."

"आनि उतरवून होईल नीट?" बाबांनी विचारलं.

"जुनं इंजिन आहे. जबान कशी देऊ?"

बाबा टायरवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी चंदनसारच्या एका माणसाला निरोप धाडला. तो जुने ट्रक घेऊन मोडायचा. उद्या दुपारी तो बघायला येणार होता. आई चुलीपाशी म्हणाली, "ट्रक गेला तर काय दुसऱ्याच्या गाडीवर डायवर होनार तुम्ही? ह्या वयात?" मला पडवीत सगळं ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी माझ्याने पुस्तक वाचवेना. उठून दोन पावलं चालायचे, पुन्हा बसायचे. बाबा केळ्यांनी भरलेला ट्रक घेऊन निघत तेव्हाची टिकटिक आणि रिकामा ट्रक परत येतानाची, दोन्ही मी ऐकल्या होत्या. दोन्ही अगदी सारख्याच. खाली काही मोडलं असेल तर भाराखाली ते जास्त कण्हणार नाही का? पण हे कुणाला सांगणार? बाहेर बसलेली मुलगी इंजिनाबद्दल बोलतेय, म्हणून हसले असते.

पडवीच्या पायरीलगत कोयत्याला धार लावायचा दगड होता. बाबांच्या वडिलांपासूनचा, मध्ये घासून घासून खोलगट झालेला. हाताला चाळा म्हणून मी त्यावर माझी शाळेची लाकडी फूटपट्टी आडवी ठेवली. दोन्ही कडांवर ती छान टेकली. तेवढ्यात एक मुंगी आली आणि अंग न चोरता पट्टीखालून पलीकडे गेली.

मी तिच्याकडे बघत राहिले. मग दुसरी मुंगी गेली.

मिस्त्री तेव्हा झाकण परत बसवायला आले होते, गिऱ्हाइकाला ट्रक दाखवण्यासाठी. त्यांच्या हातात पाना होता. झाकण बसलं की संपलं.

"बाबा," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला, की मला पुन्हा म्हणावं लागलं. "बाबा! मिस्त्रींची ती पट्टी सपाट आहे. खाली खड्डा असला तर... पट्टी वरच राहील ना? माप बरोबर येईल, पण खाली..."

वाक्य तुटलं. मी दगडाकडे आणि फूटपट्टीकडे बोट दाखवलं.

"आता मडम शिकवनार," आई दारातून म्हणाली. "मिस्त्रींचे केस पिकले ना त्यात!"

मिस्त्रीही हसले. पण हसता हसता दगडाजवळ येऊन वाकले आणि त्यांचं हसू थांबलं. ते परत गेले, एक लोखंडी हात सोडवून त्याच्या टोकावरून नख फिरवलं. मग सरळ पडवीत आले आणि तो तुकडा माझ्यापुढे धरला. आमच्या घरचे नियम त्यांना ठाऊक नव्हते.

"देख बेटी. बघ, नख अडकतं."

मी हात पुढे केला. तेलाने माखलेला, उन्हाने तापलेला तुकडा. टोकाला मसुराच्या दाण्याएवढी खळगी. मापाची पट्टी हिच्या वरूनच जात होती, आतली फट तशीच राहत होती.

"अगं, अगं!" आई ओरडली. बाबांनी मला अडवलं नाही.

असे खळगी पडलेले दोन लोखंडी हात निघाले. मिस्त्रींनी पिशवीतल्या बारीक दगडावर तेल टाकून त्यांची टोकं सपाट होईपर्यंत घासली, परत बसवली, माप घेतलं. इंजिन सुरू झालं. मी श्वास रोखून मोजायला लागले, पण मोजायला काही नव्हतं. नुसती जुनी, जाड घरघर.

"तिचा हात लागलाय त्याला," आई हळूच म्हणाली. "पानी तरी शिंपडा."

"गरम इंजिनावर पानी?" बाबा म्हणाले. "फोडायचंय काय?"

दुपारी चंदनसारचा माणूस आला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि इंजिन न दाखवताच परत पाठवलं. आईने माझा चहा नेहमीसारखा लांबून सरकवला. माझा अजून एक दिवस बाकी होता.

संध्याकाळी केळी भरून झाली. बाबा निघताना फाटकापाशी थांबले. खिडकीतून डोकं काढून त्यांनी मोठी रेस दिली आणि पडवीकडे बघून ओरडले, "काय गं, येतोय काय आवाज?"

मी कान देऊन ऐकलं. मग मान हलवली. नाही.