वडील काय करायचे?

नाडीला हात न लावता माणसाची तब्येत सांगणारा माणूस अख्ख्या माळव्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे मला आधी नीट कळलं नव्हतं. म्हणून पुतण्याच्या साखरपुड्यात मी "हे आमचे डॉक्टर मामा" अशी ओळख करून दिली आणि पंगत उठायच्या आत मामांपुढे गुडघे, कंबर आणि जिभा दाखवणाऱ्यांची रांग लागली. मामा डॉक्टर खरे, पण संख्याशास्त्राचे. तापाची साधी गोळीही त्यांनी जन्मात कुणाला दिलेली नाही. तरी ते गडबडले नाहीत. गुडघा पुढे करणाऱ्या एका भारदस्त गृहस्थांना त्यांनी विचारलं, "वडील काय करायचे?"

"अहो, गुडघा माझा दुखतोय!"

"तेच तर. कोणत्या घरात वाढलात, ते गुडघ्याला सगळं याद असतं."

कोणत्या घरातला, कोणत्या नोकरीतला माणूस किती आजारी पडतो, एवढी एकच गोष्ट मामांनी मेडिकल कॉलेजात बसून उभा जन्म शोधली. त्यामुळे नावाच्या आधी ते नोकरी विचारतात, मग ती पक्की की कच्ची ते, आणि रजा मागताना पोटात गोळा येतो का, हेही. एकदा सकाळी राजवाड्याजवळ आम्ही पोहे खात होतो. शेजारी एक साहेब आणि जरा मागे त्यांचा ड्रायव्हर. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "जावईबापू, पोहे तेच, शेव तीच, जलेबी तीच. तरी पुष्कळ साहेब आणि पुष्कळ ड्रायव्हर घेऊन बघा, ड्रायव्हर आधी वर जातात. का?"

"तेल?" मी म्हणालो.

"अरे भिया, कढई एकच आहे ना! एकाने घड्याळ बघायचं आणि दुसऱ्याने त्याची वाट बघायची. फरक तिथे आहे."

मी थक्क होऊन हातातली जलेबी खाली ठेवली. मग खाल्ली, पण विचार करून.

मामांना हे वेड आलं वडिलांकडून. ते मिलमध्ये होते. मिल बंद पडली तरी भोंग्याच्या वेळेला डबा घेऊन निघायचे, बंद फाटकाशी बसायचे आणि परत यायचे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ते नुसतेच वाळत वाळत गेले. ते न सापडलेलं काय होतं, याच्या मागे मामा पुढे आयुष्यभर लागले.

गेल्या साली मामा रिटायर झाले. दिवाळीला आमच्याकडे आले, तर कुणाला काही विचारेनात. गॅसवाला आला आणि गेला, त्याच्या वडिलांची चौकशी नाही! शर्ट खांद्यावरून ओघळू लागला होता. सगळ्या तपासण्या झाल्या. काही सापडलं नाही. हे ऐकून बायको पांढरीफटक पडली. मी च्यवनप्राशची मोठी बरणी आणली.

बायको कॉलेजात अतिथी विद्वान आहे. म्हणजे नाव पाहुण्याचं, काम घरच्या सुनेचं, आणि जून आला की ठेवतात की काढतात ही धाकधूक. ती मामांना म्हणाली, "आमच्यातले कच्चे लोक पक्क्यांपेक्षा जास्त आजारी पडून राहिलेत, मामा. असं का, ते येऊन बघा ना जरा."

मामांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला कामाला लावून बरं करून राहिलीस का, बेटा?"

"नाही. मला जवाब हवाय."

सोमवारी मामा डबा घेऊन तिच्या कॉलेजात निघाले. या खेपेला फाटक उघडं होतं. होळीपर्यंत शर्ट खांद्यावर पुन्हा नीट बसला, आणि आमच्या दूधवाल्याला दारात धरून त्याच्या आजोबांपर्यंत पोचण्याइतका मामांना दमही आला.

"काय युक्ती केलीस!" मी बायकोला म्हणालो. "मामांना बरोबर गुंतवलंस."

ती चहा गाळत होती. "युक्ती कसली हो? जून जवळ आला की मला झोप लागत नाही, म्हणून विचारलं." मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "ती बरणी तशीच पडलीये ना? एखादा चमचा मला पण देत चला."