शुद्ध करून सांगा

“कारकून, बाई काय म्हणाल्या ते शुद्ध करून सांगा,” अध्यक्ष म्हणाले आणि सगळी सभा हसली.

मी उभी होते. वहाणा बाहेर काढलेल्या, डोक्यावर पदर, हातात घामानं भिजलेला कागद. माझं एकच वाक्य बोलून झालं होतं. “माज्या धाकट्या जावंला वेठीला धरून न्हेली, तवा तिला आठवा म्हैना व्हता.” एवढंच बोलले होते. यात धुवायचं काय होतं?

कारकून उठला. घसा साफ केला. म्हणाला, “सन्माननीय सभासद बाईंचे म्हणणे असे की, त्यांच्या आप्तांपैकी एक गरोदर स्त्री सरकारी मुक्कामी स्वसंतोषाने सेवेस गेली होती.” मग माझ्याकडे वळला. “बाईंना असेच म्हणावयाचे आहे ना?”

मी मान हलवली.

ती मान मी का हलवली, हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

आमचं भोर संस्थान, आणि संस्थानची एक सभा भरायची. वकील, इनामदार, सावकार, दोनचार गावांचे पाटील. बाहेरचे साहेबलोक सभा बघायला येणार होते, म्हणून तीत एक बाई हवी होती. भोरातल्या शिकलेल्या बायकांच्या घरच्यांनी नाही म्हटलं. मग कुणाला तरी मी आठवले. उत्रोलीची. चार इयत्ता शिकलेली, सही करणारी, भाताची शेती स्वतः बघणारी. नवरा वारलेला, धाकटा दीर कामासाठी मुंबईला. मागून बोलणारा पुरुष नाही. म्हणजे बाई गप्प बसणारी असणार, असा त्यांचा हिशेब. मला त्यांनी मान दिला असं मला वाटलं. चूक माझीच.

सभेच्या आदल्या दिवशी त्याच कारकुनानं मला नियम सांगितले. बोलायचं ते अध्यक्षांकडे बघून. दुसऱ्या सभासदाशी थेट बोलायचं नाही, त्यानं तोंडावर काही म्हटलं तरी. अध्यक्षांना ‘तुम्ही’ म्हणायचं नाही, ‘अध्यक्षमहाराजांनी’ म्हणायचं. अधिकाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. काही शब्द सभेत चालत नाहीत. ‘लाच’ चालत नाही. ‘खोटं’ चालत नाही, त्याऐवजी ‘वस्तुस्थितीस धरून नाही’ म्हणायचं. ‘वेठ’ तर मुळीच नाही.

“वेठ न्हाई म्हनायचं, तर काय म्हनायचं?” मी विचारलं.

“सेवा.”

“आन् गावाकडची भाषा निघाली तोंडातून तर?”

“काळजी नको. तुमचं मी नीट करून सांगेन. टिपणात माझंच वाक्य जातं.”

तो हे चांगल्या मनानं म्हणाला. मला सांभाळून घेतोय असंच त्याला वाटत होतं. अशी माणसं जास्त वाईट.

गंगू माझी जाऊ, मुंबईतल्या दिराची बायको. भोंगवलीची लेक. एका अंमलदाराची स्वारी गावात मुक्कामाला आली. तीन दिवस गावच्या बायकांनी त्यांचं भात कांडलं, सारवण केलं, पाणी भरलं. मुक्काम हलला तेव्हा सामान डोंगरापलीकडे वेल्ह्याच्या बाजूला न्यायचं होतं. गाडीवाट नव्हती. शिपाई घरोघर आला. मी खाचरात होते. घरात गंगू एकटी. तिनं पोटाकडं बोट दाखवलं. शिपाई म्हणाला, “पोट डोक्यावर घ्यायचं न्हाई, बंब घ्यायचाय.” साहेबाच्या आंघोळीचा तांब्याचा बंब. तिनं नेला. अर्ध्या चढावर पाय सरकला. बंब तिच्यावर पडला. बरोबरच्या बायकांनी तिला झोळीत घालून आणली. दोन दिवस रक्त थांबलं नाही. मूल आधी गेलं, मग ती. बंबाला पोचा आला म्हणून शिपायानं गावाला दम दिला, तेवढीच सरकारी चौकशी.

हे सांगायला मी सभेत उभी होते. दुसरं काही मागायचं नव्हतं. गंगूला जबरदस्तीनं नेलं आणि त्यात ती मेली, एवढं सरकारनं मान्य करावं आणि पुन्हा बायकांना धरू नये.

पहिल्या वाक्याला मान हलवली, तरी मी पुढं बोलले. म्हटलं, “तिच्या डोस्क्यावर आंगुळीचा बंब दिला.”

हसू फुटलं. एक इनामदार उठले. पोट सावरत अध्यक्षांकडे वळून म्हणाले, “अध्यक्षमहाराज, बंब पेटलेला होता की विझलेला, तेवढा खुलासा बाईंकडून व्हावा.”

सभा खदाखदा हसली. अध्यक्षही हसले. नियमाप्रमाणं मला त्या इनामदारांशी थेट बोलता येत नव्हतं. इनामदार मात्र सगळे नियम पाळून माझ्या मेलेल्या जावेवर हसून घेत होते. एक शब्द वावगा नाही. सगळं ‘अध्यक्षमहाराज’ लावून.

कारकुनानं शुद्ध केलं: “प्रवासी साहित्यापैकी एक वस्तू नेत असता सदर स्त्रीस अपघात झाला व ती पुढे प्रसूतीच्या विकाराने निवर्तली. बाईंना असेच म्हणावयाचे आहे ना?”

मी पुन्हा मान हलवली. तोंडानं “व्हय” सुद्धा म्हटलं.

मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. अर्धं कळलं होतं. ‘स्वसंतोषाने’ मला कळत होतं, मी चार इयत्ता शिकले होते. पण चाळीस पुरुष हसत होते आणि मला ते हसणं थांबायला हवं होतं. मान हलवली की थांबेल, एवढंच डोक्यात होतं. थांबलंही. मी खाली बसले. बाहेर पायऱ्यांवर एक वकील म्हणाले, “पहिल्या खेपेच्या मानानं बाईंनी बरं निभावलं.” मी त्यांना नमस्कार केला. केला, हे लिहिलंच पाहिजे.

चार महिन्यांनी टिपण छापून गावोगावच्या चावडीत आलं. भोंगवलीच्या चावडीत ते वाचून दाखवलं. गंगूची आई ऐकायला गेली होती, कारण लेकीचं नाव सरकारात गेलंय असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात उभी. एवढी वाट चालून आलेली, पाय धुळीनं भरलेले. मी पाणी दिलं. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

“बाई, तुमी सभंत काय सांगितलं?”

“सांगितलं मावशी, सगळं सांगितलं.”

“मंग चावडीत काय वाचलं? माजी गंगू हौसेनं गेली म्हनं. सोताच्या मर्जीनं. तुमीच बोलला म्हनं, तुमाला इचारलं तर तुमी व्हय म्हनला.”

मी तांब्या उचलून पुन्हा तिच्यापुढं धरला.

“शिपायानं न्हेली, त्ये समदं गाव जानतंय. पर तो शिपाई हाय. तुमी तर तिच्या जाऊ ना? आता लोकं मला म्हनत्यात, आठव्या म्हैन्यात लेक साहेबाच्या मागं कशाला गेली हौसेनं?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाई मर्जीनं साहेबाच्या मुक्कामी गेली, याचा गावात काय अर्थ होतो, हे कारकुनाला कळत नसेल. मला कळायला हवं होतं.

“म्या पुसून घेते,” मी म्हटलं.

“पुसा,” ती म्हणाली. “पुसल्याबिगर मला तोंड दावू नका.” आणि पाणी न पिता गेली.

पुढच्या सभेला मी गेले ते एकाच कामासाठी. टिपण दुरुस्त करायचं म्हणून अर्ज दिला होता. माझ्या हातचा, चार ओळींचा. अध्यक्षांनी तो उघडून बघितला आणि बाजूला ठेवला.

“मागील टिपण सभेने मंजूर केले आहे. त्या वेळी बाई हजर होत्या. त्यांनी संमती दर्शवली.”

मी उठले. “त्यात लिवलंय त्ये म्या बोलले न्हाई.”

“कारकून,” अध्यक्ष म्हणाले.

कारकून उठला. “सन्माननीय सभासद बाईंचे म्हणणे असे की, मागील टिपणातील शब्दयोजनेविषयी त्यांची काही सूचना...”

“न्हाई.”

तो थांबला. मधेच तोडण्याची रीत नव्हती. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

“शब्दयोजना न्हाई. सूचना न्हाई. माज्या जावंला वेठीला धरून न्हेली. तुमी लिवलं मर्जीनं गेली. त्ये खोटं हाय.”

आता कुणी हसलं नाही. एका दमात मी त्यांचे तीन नियम मोडले होते. तुम्ही, वेठ, खोटं.

अध्यक्ष लालबुंद झाले. पण आवाज चढवला नाही. तो चढवायचा नसतो.

“बाईंनी ‘खोटे’ हा शब्द मागे घ्यावा.”

“घेत न्हाई.”

“‘वेठ’ हा शब्द मागे घ्यावा. या संस्थानात वेठ नाही.”

“मंग माजी जाऊ कशानं मेली?”

“बाई, खाली बसा.”

“आदी लिवा. म्या बोलते तसं लिवा, मंग बसते.”

तेच इनामदार उठले. या खेपेला हसत नव्हते. “अध्यक्षमहाराज, अडाणी बाईला सभेत आणल्याचा हा परिणाम. स्वयंपाकघरातली भाषा स्वयंपाकघरात शोभते.”

मी अध्यक्षांकडे बघणं सोडलं आणि सरळ इनामदारांकडे वळले. “साहेब, तुमच्या सैपाकघरात भात येतं त्ये आमच्या बायका कांडत्यात. तवा त्यांची भाषा तुमाला चालती.”

गोंधळ झाला. सगळे एकदम बोलायला लागले, आणि मला दिसलं की चिडल्यावर त्यांचीही भाषा शुद्ध राहत नाही. कुणी “गप” म्हणालं, कुणी “हाकला तिला”. यातलं काही कारकून लिहून घेत नव्हता. त्यानं लेखणी खाली ठेवली होती.

अध्यक्षांनी माफी मागायला सांगितलं. मी नाही म्हटलं. दोन पट्टेवाले आले. त्यांतला एक माझ्या ओळखीचा, जवळच्या गावचा. तो हळूच म्हणाला, “चला ताई, हात लावाया लावू नका.” मी स्वतःच्या पायांनी बाहेर गेले.

टिपण छापून आलं. ते मी चावडीत उभी राहून स्वतः वाचलं. ‘सभासद बाई प्रकृती बिघडल्यामुळे सभागृह सोडून गेल्या.’ एवढी एक ओळ. मी मोडलेला नियमही त्यांनी धुऊन टाकला होता. गंगूची ओळ होती तशीच राहिली. माझी जागा रद्द झाली. त्या साली आमच्या खाचराचं पाणी पाटाच्या वरच्या माणसानं तोडलं आणि तक्रार घ्यायला कुणी तयार झालं नाही. गावातल्या दोघी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. गंगूची आई अजून माझ्या घरी आलेली नाही. तिचं बरोबर आहे. मी पुसून घेते म्हणाले आणि पुसलं गेलं नाही.

त्यानंतर मी एक काम धरलं. भोंगवलीला गेले, शिवऱ्याला गेले, वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर गेले. ज्या बायांना धरून नेलं होतं त्यांच्याकडून ऐकलं. बाई बोलेल तसं लिहायचं. ‘म्या’ म्हणाली तर ‘म्या’. शिवी दिली तर शिवी. मग वाचून दाखवायचं. ती “आसंच” म्हणाली तरच अंगठा. मान हलवली तर नाही. मान कशी हलते ते मला माहीत आहे.

आता संस्थान जाणार, सगळं एक होणार, असं बोलतात. नव्या सभा होतील. परवा ते पायऱ्यांवरचे वकील उत्रोलीला आले होते. आता ते खादी घालतात. म्हणाले, “बाई, तुमच्यासारख्या हव्यात. फक्त मागच्या प्रकाराबद्दल दोन ओळींचं दिलगिरीचं पत्र द्या. प्रकरण मिटवू.”

मी म्हटलं, “पत्र तुमी द्या. भोंगवलीला. पत्ता सांगते.”

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

दिलगिरी मी देणार नाही. त्यांनी बोलावलं म्हणून कुठल्या सभेत जाणारही नाही. मत द्यायचा हक्क आला तर गावोगाव फिरेन, उभी राहीन, पडले तर पुन्हा उभी राहीन. आत गेले की पहिला प्रश्न गंगूचा. जबाब माझ्या तोंडचा, माझ्यासमोर लिहिलेला, मला वाचून दाखवलेला. तोवर एकाही टिपणावर माझी सही मिळणार नाही.