नामपूरचा नंबर

त्या उन्हाळ्यात आमच्या क्वार्टरमधला फोन वाजला की आधी भिंतीवरची पाल पळायची, मग मी. पाल ट्यूबलाइटच्या पट्टीमागे जायची, मी मोरीत. आत शिरून नळ सोडायचा, म्हणजे बायकोला "ते अंघोळ करताहेत" असं खोटं न बोलता सांगता यायचं. मी इतक्या अंघोळी केल्या, की त्या वर्षी गोदावरीचं पाणी आटलं ते माझ्यामुळेच, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे. धरणवाले काहीही सांगोत.

दोन हजार साल मागे पडून चार-पाच वर्षं झाली असतील. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर होतो. तेव्हा आमच्या गेटबाहेर मोठी छत्री लावून टाय बांधलेली पोरं क्रेडिट कार्डं वाटत बसायची. पगाराची स्लिप दाखवा, सही करा, आणि वर एक प्रवासी बॅग फुकट. मी चार बॅगा मिळवल्या. चार बँकांची चार कार्डं त्यांच्यासोबत आली, त्याला माझा इलाज नव्हता.

आता बॅगा आहेत म्हटल्यावर प्रवास आला, आणि आमचा प्रवास एकाच दिशेचा. बायकोचं माहेर, नामपूर. तिथे माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, कांद्याचा मोठा व्यापारी. बहिणीला व्यापाऱ्याचं चांगलं स्थळ आलं होतं, ते मोडून त्यानं मला पसंत केलं. का, तर "नोकरीवाल्याच्या दारात वसुलीला कोणी उभं राहत नाही." हे वाक्य तो मार्केटमध्ये लिलावापेक्षा मोठ्या आवाजात सांगायचा. त्याच्या मुलीलाही आता प्लांटमधलाच मुलगा पाहिजे होता, आणि तो मी बघायचा होता.

अशा माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जाणार? चांदीची समई नेली. मिक्सर नेला. भाचीला सोन्याचे कानातले नेले. तोही कमी नाही. आम्हाला निरोप देताना बायकोच्या अंगावर येवल्याची पैठणी, आणि नाशिकला आला की आम्हा सगळ्यांना एसी हॉटेलात जेवण. त्याचं बघून आमचा पुढचा आहेर वाढायचा. सगळा कार्डावर.

कार्डाचं व्याज कसं असतं हे मला वर्षभर कळलंच नाही. दरमहा ते सांगतील तेवढी कमीत कमी रक्कम भरायचो आणि रुबाबात पावती ठेवायचो. मग एक दिवस बायकोनं हिशेब मांडला. ती कॉलनीतल्या पोरांना गणित शिकवायची. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "अहो, आपण भरतोय ते नुसतं व्याजच. मुद्दल जागचं हललेलं नाही." मी हसलो. पण त्या दिवशी डब्यातली पोळी तशीच घरी आली.

तेवढ्यात एका बँकेतल्या मुलीचा फोन आला. आवाज असा, की चहात साखर घालायची गरज नाही. "सर, तुमची बाकीच्या कार्डांची थकबाकी आमच्या कार्डावर आणा. सहा महिने अगदी नाममात्र व्याज. फक्त दर महिन्याचा हप्ता तारखेच्या आत पाहिजे."

मी तर उडालोच. हे तर आमचं रोजचं काम! एका युनिटच्या बॉयलरची ट्यूब फुटली की त्याचा भार दुसऱ्या युनिटवर घ्यायचा. शहराला कळतसुद्धा नाही. बायकोला मी हे हातवारे करून समजावलं.

ती म्हणाली, "पण तुमच्याकडे भार कमी कधी होतो?"

"रात्री. लोक झोपले की."

"मग आपली रात्र कधी?"

"सहा महिन्यांत," मी म्हणालो.

आणि खरंच, ते जमलं असतं. भार एका कार्डावर आला, व्याज उतरलं, बायकोनं शिकवणीचे पैसे त्यात घातले, मी डबल ड्यूट्या मारल्या. नामपूरला जाणं बंद केलं. मेहुण्याला सांगितलं, प्लांटचं ओव्हरहॉलिंग आहे. चार महिने पार पडले. मुद्दल पहिल्यांदाच हललं. बायको स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली.

आता आमच्या प्लांटची एक रीत सांगतो. आमचा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला संपतो. रात्रपाळीत पहाटे पंप बंद पडला तरी तो आदल्याच तारखेत मोडतो. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाच्या रक्तात ती तारीख मुरते. जगाचा दिवस मध्यरात्री बदलत असेल, माझा भोंगा झाल्यावर बदलायचा.

पाचव्या हप्त्याच्या शेवटच्या तारखेला माझी रात्रपाळी होती. बदलीचा माणूस लवकर आला म्हणून सकाळी भोंग्याच्या आधीच, सहाला सुटलो, स्कूटर थेट नाशिकरोडला, बँकेच्या पेटीत चेक टाकला, घरी आलो.

"चेक टाकलात?" बायकोनं विचारलं.

"टाकला."

"कधी?"

"कालच. आत्ता येताना."

ती कढईत काहीतरी परतत होती, तिचा हात थांबला. "काल की आत्ता?"

"अगं, एकच ना ते!"

एकच नव्हतं. माझी तारीख संपायला अजून थोडा वेळ होता, बँकेची रात्रीच संपली होती. मी त्या साखरेच्या आवाजाच्या मुलीला फोन करून सगळं समजावलं. पाळी, भोंगा, सगळं. ती म्हणाली, "सर, सवलत रद्द झालीय." आवाजात साखर तेवढीच होती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. शिवी देणाऱ्या माणसाशी भांडता येतं हो, गोड बोलणाऱ्याशी काय करणार?

जुनं व्याज पुन्हा बसलं, वर दंड. त्यात त्याच महिन्यात स्कूटरचं इंजिन बसलं आणि पुढचा हप्ता चुकला. मग फोन सुरू झाले. गोड आवाज जाऊन पुरुषी, खरखरीत आवाज आला. तो ओरडायचा नाही. कागद चाळल्याचा आवाज ऐकवायचा आणि म्हणायचा, "फॉर्मवर ओळखीचे म्हणून नामपूरचा नंबर दिलाय तुम्ही. तिकडे विचारू का?"

तो नंबर मेहुण्याच्या गाळ्यावरचा. चारही फॉर्मवर मीच मोठ्या तोऱ्यात लिहिलेला. आपल्या ओळखीत फोनवाला व्यापारी आहे, हे बँकेला कळू दे म्हणून!

बायको पार खचली. रात्री ती विचारायची, "विचारलं असेल का हो त्यांनी?" मी म्हणायचो, "छे." आणि दोघंही जागे. माहेरी तिचा जो मान होता तो एका फोनवर टांगलेला होता. भर लिलावात, चार व्यापाऱ्यांसमोर तो फोन वाजणार, आणि "नोकरीवाल्याच्या दारात" म्हणणाऱ्या भावाचं तोंड कसं होणार, हे ती रोज मनात बघायची. मी विनोद करायचो. एकदा ती म्हणाली, "तुम्ही हसवायला लागलात की मला जास्त भीती वाटते." त्यानंतर मी गप्प राहायला शिकलो. आयुष्यात तेवढे दिवसच.

आणि एका दुपारी मेहुणा दारात उभा. न कळवता. खांद्यावर कांद्याची गोणी, कपाळाला घाम.

"काय दाजी, बरं शे ना?"

बायकोच्या हातातलं पाण्याचं भांडं तिथेच सांडलं. मला वाटलं, संपलं. हा ऐकून आलाय. तो बसला. पाणी प्याला. कांद्याच्या भावावर बोलला, पावसावर बोलला, पण नजर सारखी कोपऱ्यातल्या फोनकडे. आम्ही त्याच्या नजरेकडे बघतोय, तो फोनकडे बघतोय. पान लावायला त्यानं अडकित्ता काढला, सुपारी धरली आणि कातरलीच नाही.

"तुमच्याकडे," तो घसा खाकरून म्हणाला, "कोणाचा फोन उना व्हता का? माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल?" मी म्हणालो.

"नाय म्हणजे... बँकेचा वगैरे."

बायको पदर सावरत पुढे आली. "दादा, बँक तुमच्याबद्दल आम्हाला कशाला विचारेल?"

त्यानं मान खाली घातली. एवढा आडदांड माणूस, एका हातानं गोणी उचलणारा, पण आवाज मांजरीच्या पिल्लाएवढा झाला. "मालेगावला छत्री लावून बसले व्हते पोरं. बॅग फुकट देत व्हते. फॉर्मवर मी दाजींचा नंबर टाकला. म्हटलं, आपले दाजी सरकारी माणूस, वजन पडेल."

मी बायकोकडे बघितलं. तिनं माझ्याकडे.

"ती पैठणी?" तिनं हळूच विचारलं.

"कार्डावर. आणि तुमची समई?"

"तीही."

"एसी हॉटेल?"

"दोन्ही वेळचं," तो म्हणाला. मग खुर्ची माझ्याकडे सरकवून कुजबुजला, "दाजी, ऐकताय का? सगळी बाकी दुसऱ्या कार्डावर नेता येते म्हणे, कमी व्याजात. तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच करून द्या."

आणि तेव्हाच फोन वाजला.

पाल पळाली. मी अर्धा उठलो, मोरीकडे. मेहुणाही उठला, आणि दारात आमची टक्कर झाली. फोन वाजतच होता. शेजारच्या क्वार्टरच्या खिडकीत डोकी आली असावीत. बायको दोन्ही पुरुषांकडे एकदा बघून चालत गेली आणि तिनं रिसीव्हर उचलला.

"हो, तेच घर," ती म्हणाली. "दोघंही इथेच आहेत. कोण हवंय तुम्हाला?"

पलीकडच्या बिचाऱ्याला असं कोणी विचारलं नसेल. मग तिनं सांगितलं की नामपूरला फोन करायचा तर खुशाल करा, नामपूर माझ्यासमोर उभं आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. आणि फोन ठेवून ती खाली जमिनीवर बसली आणि रडली.

त्या दुपारी पाचही कार्डं, चार आमची आणि एक त्याचं, मेहुण्याच्या अडकित्त्यानं कातरली. सुपारीपेक्षा कठीण गेली. मग मी कर्मचाऱ्यांच्या पतपेढीकडून कर्ज काढलं. पगार हातात यायच्या आधीच हप्ता कापला जायचा, म्हणजे तारीख माझ्या हातात नाही, हाच त्यातला फायदा. मेहुण्यानं जीप विकली. दोघांचंही फिटायला वर्षं लागली. तोवर एकमेकांकडे जाताना आम्ही गूळ-शेंगदाणे न्यायचो.

भाचीचं लग्न प्लांटमधल्याच मुलाशी झालं. मुलाच्या घरी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बश्या आल्या, सगळे गोड बोलत होते, आणि मेहुण्यानं मुलाला एकच प्रश्न विचारला, "पाकीट दाखव बरं."

मुलगा गोंधळला. मी मात्र त्याच्या मागच्या कपाटावर ठेवलेली नवीकोरी प्रवासी बॅग बघत होतो, थेट आमच्या चार बॅगांसारखी.