वायरमनची लोकर

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जांभळ्या लोकरीचं काहीतरी विणत होते. आम्ही नरसीहून हिंगोलीकडच्या गोरेगावला घर बघायला आलो होतो. मी, माझे वडील आणि काका. मुलीनंही घर डोळ्यांनी बघावं, असा काकांचा हट्ट होता. जीपमधून उतरलो तेव्हा नवरामुलगा संतोष इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. त्याच्या मागे ओसरीवर, खाटेच्या कडेला एक धिप्पाड माणूस बसला होता. पांढऱ्या मिशा, रुंद मनगटं, आणि हातात दोन सुया. आम्ही समोर येऊन उभे राहिलो तरी तो उठला नाही. नुसतं एक बोट वर करून म्हणाला, "एवढी ओळ होऊ द्या, पाव्हणं."

आम्ही चपला काढून ओळ संपायची वाट बघत उभे राहिलो. संतोषचे कान लाल झाले होते. ओळ झाली, सुया गुंडाळल्या गेल्या, मग त्या माणसानं उठून वडिलांना आणि काकांना कडकडून मिठी मारली.

चहा आला तेव्हा काकांना राहवलं नाही. "हे काय करून राहिले होते तुमी?"

"विणून राहिलो."

"कोणासाठी?"

"ते अजून ठरलं न्हाई."

परतीच्या जीपमध्ये काका म्हणाले, माणूस बरा आहे, पण जरा वेगळाच दिसतो. वडील बाहेरची तुरीची शेतं बघत होते. मग म्हणाले, "ज्याचे दोन्ही हात असे गुंतलेले, तो पोरांवर हात उगारत नसंल." एवढ्यावर माझं लग्न ठरलं, असं म्हटलं तरी चालेल.

दत्तराव त्यांचं नाव, पण गावात त्यांना सगळे वायरमनच म्हणत. वीज मंडळातली सगळी नोकरी त्यांनी आजूबाजूच्या गावांत खांबांवर चढून काढली होती. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या घरची लाइट गेली की माणूस आधी आमच्या दारात यायचा. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या. पहिल्या महिन्यातच मी मामांना विचारलं की विणायला कुठं शिकलात. त्यांनी सांगितलं की एकदा वादळात खांब पडले, दोन-तीन दिवस एका गावच्या शाळेत अडकून पडावं लागलं, तिथल्या बाईंनी शिकवलं. पुढं हिंगोलीतल्या लोकरीच्या दुकानदाराला सांगताना मी त्यांच्याच तोंडून ऐकलं की प्रशिक्षणाला गेले असताना खोलीतल्या एका डोंगराकडच्या मित्रानं शिकवलं. मी आत्यांना विचारलं, यातलं खरं काय? आत्या भाकरी थापत म्हणाल्या, "मला तर तिसरंच सांगितलंय. तू नको डोकं शिणवू."

पण माझं डोकं शिणायचंच. कारण मामा विणायचे ते पुरं कधी होतच नव्हतं. पाठ व्हायची, पुढचा भाग व्हायचा, कधी गळ्यापर्यंत काम यायचं. आता हे स्वेटर होणार, असं वाटायच्या सुमाराला मामा एका सकाळी सुई काढून घ्यायचे, धाग्याचं टोक धरायचे आणि सरसर उसवत जायचे. उसवलेली लोकर वळणावळणाची व्हायची, कुरळ्या केसांसारखी. ती ते गुडघ्यांभोवती गुंडाळून तिची लडी करायचे, धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे. मग त्याच लोकरीचे नवे टाके.

"काहून उसवलं, मामा? चांगलं तर होतं."

एकदा म्हणाले, रंग आवडला नाही. एकदा म्हणाले, "झाल्यावर ठेवायचं कुठं?" एकदा नुसतेच हसले. संतोषचं गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं येणारी पोरं त्याला विचारायची, वायरमननं आज काय विणलं रे? तो घरी येऊन चिडायचा. "बाबा, विणायचं तर घरात बसून विणा. न्हाईतर पुरं करून कुणाला तरी द्या. लोकांना निदान कळंल तरी." मामा म्हणायचे, "व्हय, बराबर हाय तुझं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीवर.

मला दिवस गेले तेव्हा मामा हिंगोलीला जाऊन पिवळी लोकर घेऊन आले. हळदीच्या पिवळ्याहून फिकी, हाताला लोण्यासारखी. कुणासाठी, ते सगळ्यांना कळलं. मी शाळेत शिकवते; तिथून येताना रोज बघायची. आधी वीतभर पाठ झाली. मग पुढचे दोन भाग. मग बाही सुरू झाली, इतकी लहान की माझ्या अंगठ्यावर चढेल. शाळेतल्या बाईंना मी सांगूनही टाकलं होतं की सासरे बाळासाठी स्वेटर विणताहेत. त्या म्हणाल्या, नशीबवान आहात.

सातव्या महिन्यात एका दुपारी घरी आले तर दोरीवर पिवळी लोकर वाळत होती.

मी तिथंच पायरीवर बसले. बाळासाठी विणलेलं जन्माआधी उसवायचं, याचा काय अर्थ असतो ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.  आत्यांनी ती ओली लडी दोरीवरून ओढली आणि मामांच्या मांडीवर टाकली. "लेकराच्या वस्तूला तरी सोडायचं होतं," एवढंच म्हणाल्या. मामा लडीतलं पाणी पिळत बसले. त्यांनी ना माझ्याकडे पाहिलं, ना आत्यांकडे. त्यानंतरचे दोन महिने मी भीतीत काढले. पोटात हालचाल थोडी मंदावली की मला ती दोरी आठवायची. मामांशी बोलणं जेवायला वाढण्यापुरतं उरलं होतं.

श्रेया झाली. नीट, रडकी, गुबगुबीत. मग माझी भीती गेली आणि राग उरला. ती रांगायला लागली तेव्हा एकदा मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, ते पिवळं काहून उसवलं होतं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. जणू एवढी साधी गोष्ट मला माहीत नसेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "बाही चुकली होती. एक लांब, एक आखूड."

"मग पुन्हा का नाही विणलं?"

"विणून राहिलो होतो की. तवर लेकरूच मोठं झालं."

मी आत जाऊन पदर तोंडाला लावला. हसत होते की रडत होते, ते आजही मला सांगता येणार नाही. एका चुकलेल्या बाहीपायी मी दोन महिने जीव मुठीत धरला होता. की हेही त्यांचं चौथं उत्तर होतं आणि खरं कारण वेगळंच होतं? बाहेर आले तेव्हा ते श्रेयाला मांडीवर घेऊन बसले होते आणि ती लोकरीचा गुंडा चोखत होती.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. कदाचित विणता आलं तर हा माणूस कळेल, असं वाटलं असावं. ते लगेच तयार झाले नाहीत. "लई वेळ जातो त्यात," म्हणाले. मग स्वतःच बाभळीची एक जोडी सुया तासून, काचेनं घासून गुळगुळीत करून आणल्या. दुपारी आम्ही ओसरीवर बसायचो. हाताला घाम, लोकर बोटांना चिकटायची. मी धागा घट्ट ओढायची. ते म्हणायचे, "तार न्हाई ती. सैल सोड. सैल सोडली तरच पुढच्या टाक्याला वाट मिळते." टाका गळाला की मी घाबरायची. ते सुईच्या टोकानं तो गळालेला टाका खालून एकेक पायरी वर चढवत आणायचे आणि सुईवर बसवायचे. ते करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते मी दुसऱ्या कशानंही आलेलं पाहिलं नाही. पगारवाढीनंसुद्धा आलं नव्हतं, असं आत्या सांगत.

आम्ही दोघं हिंगोलीला लोकर आणायला गेलो तो दिवस मला अजून आठवतो. बाजारातलं अरुंद दुकान, पुढे लेस, बटणं, बांगड्या, आणि आत छतापर्यंत लोकर. शेठनं मामांना बघताच स्टूल पुढे सरकवलं. "आओ वायरमन साब. नया माल आया है." मामांनी चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. मग एकेक गुंडा हातात घेणं सुरू झालं. आधी बोटांत चुरायचे, मग मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचे, मग डोळे मिटून गालाला लावायचे. मला म्हणाले, "तू बी बघ. डोळ्यानं न्हाई, गालानं." भर दुकानात गालाला लोकर लावायची मला लाज वाटली. पण लावली. एक खरखरीत, एक निसरडी, एक कोवळ्या वासराच्या कानासारखी. मोरपंखी, विटकरी, गाजरी, साबुदाण्यासारखा पांढरा. दुपार कशी गेली ते कळलं नाही. बाहेर आलो तेव्हा पिशवीत फक्त एक विटकरी गुंडा होता आणि आम्ही दोघं लग्न लावून आल्यासारखे खूश होतो. शेठनं मला हळूच विचारलं होतं, "घर में बहुत लोग होंगे ना? कितने स्वेटर बन गए होंगे." मी मान हलवली. एकही नाही, हे कसं सांगणार?

जीपमध्ये मी त्यांना शेठनं विचारलेलं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "सगळी जिंदगी लोक बोलावत राहिले. वायरमन, लाइट गेली. वायरमन, डीपी जळाली. जेवता जेवता उठलो, सणासुदीला उठलो. ते काम होतं, त्याची तकलीफ न्हाई. पण हे कोणी सांगितलेलं न्हाई मला. हे पुरं झालं की कोणाचं तरी होते." मग त्यांनाच काहीतरी पटेनासं झालं असावं. "असं बी असंल," म्हणाले, "न्हाईतर मला स्वेटरचा गळाच जमत न्हाई." आणि मला पुन्हा काही कळेनासं झालं.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. उजव्या हाताला सलाईन, त्यामुळे विणणं बंद. पहिल्या दिवशी ते छताकडे बघत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू विण. मी बघतो." पिशवीत तीच विटकरी लोकर होती. मी मफलर विणायला घातला होता, नुसते सुलट टाके, दुसरं मला नीट येतही नव्हतं. मी खाटेशेजारी बसून विणायची आणि ते माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचे. संतोष औषधं आणायचा, आत्या पाय दाबायच्या. शेजारच्या खाटेवरच्या बाई विचारायच्या, हे काय करून राहिल्या? मामाच उत्तर द्यायचे, "सून विणून राहिली."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अशीच विणत होते. त्यांचा श्वास जड झाला होता. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता पुरं कर."

मी सुया खाली ठेवल्या. त्यांनी डोळे मिटले. सकाळ व्हायच्या आत ते गेले.

त्या तीन शब्दांवरून आमच्या घरात अजून एकमत नाही. संतोष म्हणतो, त्यांना म्हणायचं होतं की थकलीस, आता बस झालं, थांब. आत्या म्हणतात, छे, त्यांना म्हणायचं होतं की तो मफलर पूर्ण कर, माझ्यासारखं अर्धवट ठेवू नको. आमच्या बोलीत दोन्हीला 'पुरं'च म्हणतात. मी त्यांचा चेहरा आठवून बघते, हाताचा दाब आठवून बघते. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

तेराव्यानंतर संतोषनं मामांची पत्र्याची पेटी उघडली. बापाच्या हातचं काहीतरी त्याला जवळ ठेवायचं होतं. टोपी, हातमोजा, चौकोनी तुकडा, काहीही. पेटीत फक्त लोकर होती. जांभळी, पिवळी, हिरवी, सगळ्या लड्या धुऊन नीट पीळ देऊन ठेवलेल्या आणि सगळ्या कुरळ्या. इतक्या वर्षांच्या विणकामातून आकाराची एक वस्तू उरली नव्हती. ज्याला या विणकामाची लाज वाटायची, तो माझा नवरा ती लोकर मांडीवर घेऊन बसून राहिला. मग मला म्हणाला, "तुझं ते दवाखान्यातलं कुठं हाय?"

मी ते पुढे विणायला घेतलं. थांबायला सांगितलं असेल तर मी त्यांचं ऐकलं नाही. पूर्ण करायला सांगितलं असेल तर ऐकलं. विटकरी लोकर मध्येच संपली, तेव्हा पेटीतली जांभळी जोडली. ती कुरळी असल्यामुळे तिथले टाके वेडेवाकडे पडले. एका टोकाला मफलर रुंद झाला आहे, मधे एक टाका गळालेला आहे आणि तो मला वर चढवता आला नाही.

थंडी सुरू झाली तशी संतोष मोटारसायकलवर तो गळ्याभोवती गुंडाळून दुकानात जायला लागला. परवा मी त्याला डबा द्यायला गेले होते. काउंटरपाशी दोन पोरं उभी होती. त्यातल्या एकानं मफलरला हात लावून विचारलं, "कुठून घेतला, दादा? घरी विणलेला दिसतो."

संतोष कुणाचा तरी फोन उघडत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्या वडिलांनी विणलाय."

मी डबा काउंटरवर ठेवला. टाके माझे होते, हे मला ठाऊक आहे. पण ती जांभळी लोकर त्यांच्या हातून कितीदा विणली आणि उसवली गेली असेल, हे कुणालाच ठाऊक नाही. तो खोटं बोलला की खरं, मला ठरवता येईना. शाळेची वेळ झाली म्हणून मी निघाले.